जांभ्यातली मीराबाई आणि कुशावतीकाठचे बैल

गोव्यात लोटली गावी जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या, सच्छिद्र दगडाच्या, एका सलग कातळात संत मीराबाई कोरलेली आहे. १४ मीटर लांब, ५ मीटर रुंद, जमिनीवर आडवी. महेंद्र आल्वारिस यांनी ती १९९४ मध्ये ३० दिवसांत एकट्याने कोरली आणि विक्रमांच्या लिम्का बुकात तिची नोंद झाली. मी हे बाबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "जांभ्यात मूर्ती होत नाही."

बाबांचं अख्खं आयुष्य जांभ्यात गेलं. राजापूरकडच्या चिरेखाणीवर चिरे, म्हणजे बांधकामाचे चौकोनी दगड, तासण्यापासून सुरुवात, मग गवंडीकाम. आमच्या रत्नागिरीतली कितीतरी घरं, विहिरी, गडगे त्यांच्या हातचे. त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नव्हतं. आमच्याकडे देऊळ जांभ्याचं बांधतात, पण आतली मूर्ती काळ्या दगडाची. जांभा भोकाभोकांचा, त्याला नाक-डोळे धरत नाहीत. हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हटलं, चला, बघूनच येऊ. फोंड्याला मावशी आहेच. जानेवारीची अखेर होती, थंडी संपायच्या आत निघालो.

शुक्रवार : फोंडा

गाडीने मडगाव, तिथून मावसभावाच्या मोटारीने फोंडा. मावशी दारातच उभी होती. "भावोजी, किती वाळलात हो!" असं म्हणून तिने बाबांच्या हातातली पिशवी काढून घेतली. लग्न होऊन ती गोव्यात आली त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. शेजारणीशी कोंकणी, आमच्याशी मराठी, आणि सकाळच्या चहाबरोबर मराठी वर्तमानपत्र लागतंच.

संध्याकाळी फर्मागुढीला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी गेलो. फोंड्याचा किल्ला महाराजांनी १६७५ मध्ये घेतला, आणि १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, चालून आला तेव्हा संभाजीराजांनी त्याला मागे परतवलं. आज तिथे दिसतं ते बांधकाम बरंचसं नवं आहे. मुलं सायकली फिरवत होती, आजोबा मंडळी कट्ट्यावर बसली होती. बाबांनी पुतळ्याला नमस्कार केला आणि मग चौथऱ्याचे सांधे बघत एक फेरी मारली.

रात्री बांगड्याचं हुमण, म्हणजे आमटी, त्यात तिरफळं, उकड्या तांदळाचा भात, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर. जेवताना मावशीने पुढचा बेत ठरवून टाकला. "लोटली रविवारी. उद्या आधी पणजीला जाऊन आबे फारियाचा पुतळा बघा. तो आमच्या मडकईच्या माणसाने घडवलाय." मडकई फोंडा तालुक्यातच, नवदुर्गेचं गाव. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत तिथले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. मावशीच्या बोलण्यात असा अभिमान होता की जणू कामत तिच्या सासरच्या नात्यातले असावेत.

शनिवार : पणजी, दोनापावल

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला आणि गरम पोया, गोव्याचे पाव, घरात आल्या. पोई आणि चवळीचं तोंडाक, म्हणजे उसळ, खाऊन कदंबच्या सरकारी बसने निघालो. पणजीला शनिवारी स्वतःची गाडी नेऊ नये. मांडवीकाठच्या रस्त्यावर ती लावायला जागा मिळेपर्यंत बस पोहोचून परत येते.

आबे फारियाचा पुतळा जुन्या सचिवालयाला, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याला लागून आहे. समोर रस्ता, पलीकडे मांडवी. १९४५ मध्ये बसवलेला, ब्राँझचा. काळा झगा घातलेला पाद्री पुढे झुकून हात पसरून उभा आहे आणि त्याच्या हाताखाली एक बाई मागे कोसळते आहे. पणजीतून जाणारा प्रत्येक जण तो बघतो. पण बसच्या खिडकीतून बघणं वेगळं, आणि उतरून चारी बाजूंनी फिरणं वेगळं.

आबे फारिया म्हणजेच जुझे कुस्तोदियु फारिया १७५६ मध्ये कांदोळीला जन्मले आणि १८१९ मध्ये पॅरिसमध्ये वारले. वडिलांबरोबर लहानपणीच पोर्तुगालला गेले, पुढे रोमला शिकून पाद्री झाले. त्यांची एक गोष्ट गोव्यात लहान पोरालाही ठाऊक असते. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि शब्दच फुटेना. तेव्हा खालून वडील हळूच म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." समोरचे सगळे भाजीपाल्यासारखे आहेत, काप! आणि प्रवचन सुरू झालं. मनावर एका वाक्याचा केवढा परिणाम होतो, हा विचार तिथून त्यांच्या डोक्यात बसला असं सांगतात.

पुढे पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. त्या काळी समजूत अशी, की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी शक्ती निघते आणि समोरचा झोपी जातो. फारियांनी हे खोडून काढलं. झोप येते ती समोरच्याच्या स्वतःच्या मनातून, सूचना मिळाल्यामुळे. करणाऱ्याच्या हातात काही जादू नसते. आजचं संमोहनशास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. मात्र पुतळ्याकडे पाहिलं की सगळी शक्ती त्या पसरलेल्या हातांतच आहे असं वाटतं. शिल्पकाराला मनात घडणारी गोष्ट दाखवायची तर हातच दाखवावे लागणार, हे मला पटतं. तरी बघताना फारियांचं म्हणणं लक्षात ठेवावं. मग नजर त्यांच्या हातांवरून त्या बाईकडे जाते, आणि खरं घडतंय ते तिथे, हे कळतं.

बाबांना यातल्या कशाशीही देणंघेणं नव्हतं. ते पुतळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ उभे होते. "एवढा पुढे झुकलाय, तरी पडेल असं वाटत नाही. का माहीत आहे? झग्याचा घोळ मागे सोडलाय. वजन तिथे ठेवलंय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण हे ओतीव काम. ओतीवात चूक झाली तर वितळवून पुन्हा करता येतं."

दुपारी एका खाणावळीत इसवणाची, म्हणजे सुरमईची, थाळी घेतली आणि उन्हं कलल्यावर दोनापावलला गेलो. तिथल्या खडकावर एक स्त्री आणि एक पुरुष असं पांढरं शिल्प आहे. येणारे बहुतेक लोक ते दंतकथेतल्या दोना पावला या मुलीचं आणि तिच्या प्रियकराचं समजून फोटो काढतात. शेजारच्या एका वाटाड्याने तर जमलेल्यांना पूर्ण प्रेमकथा सांगितली, तिने कड्यावरून उडी कशी मारली इथपर्यंत. प्रत्यक्षात ते यर्सा फॉन लाइस्टनर या जर्मन शिल्पकर्तीचं १९६९ मधलं काम आहे, आणि विषय आहे भारत. एक आकृती पूर्वेकडे बघते, दुसरी पश्चिमेकडे. मला ती प्रेमकथा ऐकून वाईट वाटलं. गोवा मुक्त होऊन जेमतेम आठ वर्षं झालेली असताना, जिथून समुद्रापलीकडून आलेली गलबतं दिसायची त्या जागी, कोणीतरी दोन दिशांना बघणारा भारत उभा करतं. ही गोष्ट उडी मारणाऱ्या मुलीपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि तिथे ती कोणी सांगत नाही. वारा इतका होता की बाबांनी टोपी खिशात ठेवली. समोर मुरगावची गोदी, जहाजांचे दिवे लागत होते. दोनापावलला जायचं तर असंच संध्याकाळी जावं. दुपारी पांढऱ्या शिल्पावरून ऊन डोळ्यांत येतं आणि चेहरे दिसत नाहीत.

रविवार : लोटली

आज मावशीही आली. बोरीचा पूल ओलांडताना तिने नेहमीप्रमाणे झुआरीला हात जोडले. तिच्या सासरचं कुलदैवत रामनाथ, आणि रामनाथाचं मूळ ठिकाण लोटलीच. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव नदीपार आणला, तो आता बांदोड्याला रामनाथीत आहे. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, असे सगळे याच काळात नदीपार गेले. "आम्ही देवाच्या वाटेने उलट चाललो," मावशी म्हणाली.

लोटलीत चर्चसमोर मिस्साहून बाहेर पडलेल्यांची गर्दी होती. जुनी मोठी घरं, शिंपल्यांच्या खिडक्या, अंगणात जास्वंदी. मीराबाई आहे ती 'बिग फूट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेत. आल्वारिस यांनीच उभं केलेलं शंभर वर्षांपूर्वीचं गोंयकार गाव तिथे आहे: कुंभार, चांभार, माडी काढणारा रेंदेर, बाजार, भाटकाराचं म्हणजे जमीनदाराचं घर. शाळेच्या सहली येतात. मुलं बरोबर असतील तर तासभर तिथेच जातो. तिकीट काढून आत जावं लागतं, आणि माहिती सांगणारा मिळाला तर त्याच्याबरोबरच फिरावं. जागेचं नाव ज्या पावलावरून पडलं त्याची गोष्टही तिथे ऐकायला मिळते. महादर नावाचा दानशूर श्रीमंत माणूस सगळं वाटून बसला, बायकोही गेली. देवाने वर माग म्हटल्यावर त्याने प्रार्थनेसाठी फक्त जागा मागितली. देवाने एका पायापुरती जागा दिली आणि तो तापलेल्या कातळावर एका पायावर उभा राहिला. ते पाऊल कातळात उमटलं.

आम्ही गाव पटपट बघितलं आणि मीराबाईकडे गेलो.

पहिल्यांदा काही कळत नाही. समोर नुसता काळपट-तांबूस कातळ पसरलेला. मग हातातली एकतारी दिसते. ती दिसली की तिच्या रेघेवरून खांदा सापडतो, मग मान, मग वस्त्राच्या लाटा, आणि हळूहळू अख्खी मीराबाई खडकातून जुळून येते. उभा पुतळा एका नजरेत मिळतो. इथे बघणाऱ्याला चालावं लागतं, थोडं वर चढावं लागतं, परत खाली यावं लागतं.

मावशीने हात जोडले. बाबा काहीच बोलले नाहीत. कडेने चालत ते पायांकडून डोक्याकडे गेले, उकिडवे बसले, परत आले. मी विचारलं, "काय, होते का मूर्ती?"

"थांब जरा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच मोबाइलवर लिहून घेतलं, कारण असं कुठल्या पाटीवर लिहिलेलं सापडणार नाही. जांभ्याची वरची साल वाऱ्यापावसाने कडक झालेली असते, त्यावर टाकी, म्हणजे छिन्नी, उडते. साल फुटली की खाली दगड मऊ लागतो, कुदळीनेही निघतो. पण उघडा पडला की वारा लागून तोही हळूहळू कठीण होतो. म्हणून खाणीतला चिरा ताजा असतानाच तासून घ्यायचा. इथे तर कातळ होता तिथेच, होता तसाच. गवंडी दहा चिऱ्यांतला एक नापास करून बाजूला टाकतो. या माणसाकडे दुसरा दगडच नव्हता. कुठे भोक निघेल, कुठे पोकळी निघेल, हे खोदल्याशिवाय कळायचं नाही. आणि चेहऱ्याच्या मध्यावर पोकळी निघाली असती तर? "ओतीवासारखं वितळवता येत नाही," बाबा म्हणाले. कालचं वाक्य त्यांच्या मनात होतं तर.

मग त्यांनी हिशेब मांडला. १४ गुणिले ५, म्हणजे ७० चौरस मीटर. ३० दिवसांत. रोज सव्वादोन चौरस मीटरच्या वर, एकट्याने, आणि नुसतं खणायचं नाही, उठाव ठेवत खणायचं. "मी तरणा असताना चार माणसं घेऊनही मला हे जमलं नसतं." बाबांच्या तोंडून दुसऱ्या कारागिराबद्दल असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

तरीही त्यांनी आपलं म्हणणं पूर्ण सोडलं नाही, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. "मूर्ती म्हणजे गाभाऱ्यातली. नखं, डोळे, दागिने. तसं जांभ्यात होणारच नाही. यांनी ते करायला घेतलंच नाही. मोठ्या रेघा मारल्या. जांभा मोठी रेघ सोसतो." आल्वारिस यांनी या शिल्पाला निसर्गाशी सुसंवाद अशा अर्थाचं नाव दिलंय. दगडाला झेपेल तेवढंच त्याच्याकडून मागायचं, हा त्यातला सुसंवाद मला बाबांमुळे कळला.

एक कामगार झाडलोट करत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते काढत राहावं लागतं. उघड्यावरच्या जांभ्याचं ते रोजचं दुखणं. आधी हिरवा, मग काळा.

जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: भर दुपारी जाऊ नका. उठाव सावलीमुळे दिसतो. आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा वस्त्राच्या चुण्या स्पष्ट होत्या. मावशी सरबत पिऊन येईपर्यंत सूर्य वर आला आणि अर्ध्या चुण्या पुसल्यासारख्या झाल्या. पाणी आणि टोपी हवीच, कातळ खालूनही तापतो. जागेच्या समोर आल्वारिस घराण्याचं अडीचशे वर्षांचं घर आहे, तेही बघता येतं. माझं मत विचाराल तर वेळ थोडा असेल तेव्हा तो मीराबाईलाच द्यावा.

सोमवार : उसगाळीमळ

खरं तर मुक्काम लोटलीपुरताच ठरला होता. पण रात्री बाबांनी स्वतःहून विचारलं, "तुझी ती कातळशिल्पं गोव्यातही आहेत ना?" रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या सपाट कातळमाळांवर कोरलेली, प्राचीन कातळशिल्पं आता सगळ्यांना माहीत झालीत. उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचं गोठणं, कशेळीचा तो पोटात प्राणी घेतलेला प्रचंड हत्ती. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ही ठिकाणं गेली तेव्हा त्यांच्यासोबत सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक ठिकाणही गेलं. ते म्हणजे उसगाळीमळ, यालाच पणसायमळ असंही म्हणतात.

पहाटे निघालो. केप्याला भाजी-पाव आणि मिरचीची भजी. पातळ भाजी इतकी झणझणीत होती की बाबांनी दोनदा चहा घेतला. तिळामळ, मग रिवण. रस्त्याकडेला जुन्या खाणींचे मातीचे डोंगर, त्यांवर आता झाडोरा वाढलाय. रिवणच्या पुढे मोबाइलची रेंज गेली. गुरं घेऊन चाललेल्या एका बाईंना मावसभावाने कोंकणीत विचारलं. त्यांनी हातातल्या काठीनेच वाट दाखवली आणि वर सांगितलं की आत चपला घालून चित्रांवर चढू नका. रेंज जायच्या आधी नकाशा उतरवून घ्यावा, आणि फाट्यावरची पाटी नीट बघावी. शेवटचा रस्ता अरुंद आहे.

कुशावती नदीचं एक वळण. काठावर सपाट जांभ्याचा कातळ, वर झाडांची सावली, पलीकडे पाण्याचा आवाज. आमच्याकडची शिल्पं उघड्या सड्यावर, उन्हात, जिथे गवताशिवाय काही उगवत नाही. हे नदीला टेकून. पावसाळ्यात पाणी वर येतं, म्हणून कोरड्या दिवसांतच यावं. गावातल्या लोकांना ही चित्रं ठाऊक होतीच. त्यांनी सांगितल्यावर १९९३ मध्ये पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी त्यांची नोंद घेतली. शंभराहून अधिक आकृत्या आहेत. काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण हजारो वर्षांची आहेत हे सगळे मानतात.

तिथे देखरेखीला असलेल्या गृहस्थांनी डब्यातून थोडं पाणी एका रेघेवर सोडलं. पाणी रेघेतून वळत वळत गेलं आणि आमच्या पायांशी एक बैल उभा राहिला. मोठं वशिंड, लांब शिंगं. मग दुसरा. मग हरीण, मोर, नाचणारी माणसं. एक बाई, तिच्या पोटापासून नाळ निघालेली आणि शेवटाला मूल. आणि एकात एक वळणं घेत आत जाणारं मोठं चक्र. तो चक्रव्यूह कशासाठी, यावर त्या गृहस्थांनी पाहुण्यांकडून ऐकलेले सगळे तर्क आम्हाला सांगितले.

बाबांनी चपला बाहेर काढल्या होत्या. ते चक्राच्या कडेला मांडी घालून बसले. रेघ बोट बसेल इतकी रुंद. त्यांनी बोट घातलं नाही, वरून हवेतच फिरवलं, पूर्ण चक्र, आतपर्यंत.

"लोखंड नव्हतं ना तेव्हा यांच्याकडे?"

"दगडानेच केलं असावं म्हणतात."

"म्हणजे साल फोडून खाली मऊ लागेपर्यंत ठोकत बसायचं." ते थोडा वेळ गप्प बसले. "बैलाची पाठ बघ. एका दमात ओढलीय. उचलून परत सुरू केल्याची खूण नाही. कालच्या मीराबाईच्या खांद्यासारखी."

मलाही तेच दिसत होतं. दोन्हीकडे आडवा कातळ, मोठी रेघ, बारकावा नाही, आणि बघणाऱ्याला चालायला लावणारं काम. मध्ये हजारो वर्षं गेली तरी जांभ्याने दोन्ही कारागिरांना एकच रीत शिकवली.

एक कळकळीची विनंती. रेघा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून काही जण त्या खडूने किंवा कोळशाने भरतात. आमच्याकडच्या सड्यांवरही हे पाहिलंय. खडू भोकांत जाऊन बसतो, घासून काढायला गेलं की दगडाची कड जाते. पाणीही स्वतः ओतू नका, तिथल्या माणसाला दाखवू द्या. त्यांनी कुठे, किती, हे ठरवलेलं असतं. आणि त्यांना चहापाण्याला काहीतरी जरूर द्या. त्या रानात दिवसभर बसून ते ही चित्रं सांभाळतात.

परतताना जांबावलीला दामोदराचं दर्शन घेतलं. हा देव मूळ मडगावचा, तोही असाच हलवलेला. कुशावती तिथेही देवळाजवळून वाहते. लोक घाटावर पाय धुऊन वर येतात. शिमग्यात इथे गुलालोत्सव होतो, तेव्हा यायचं मावशीने आमच्याकडून कबूल करून घेतलं.

बाबांनी परतीच्या गाडीत कुडोपी कुठे आलं ते विचारलं. मालवण तालुक्यात. रत्नागिरीहून मोटारीने गोव्याला जाणाऱ्यांनी ते वाटेतच घ्यावं, म्हणजे सडा आणि नदीकाठ दोन्ही एका फेरीत होतात. वेळ मात्र सकाळी दहाच्या आतली किंवा दुपारी चारनंतरची धरावी. उसगाळीमळला आम्ही निघालो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि नुकतंच एक कुटुंब येत होतं. त्यांना त्या गृहस्थांनी सांगितलं, आता बैल दिसणार नाही, खाली नदीवर बसा, ऊन कललं की दाखवतो.